डावीकडे की उजवीकडे? क्रूझची केबिन घेताना करायचा हिशेब

एसटीत चढल्यावर आमची आई जागा धरण्याआधी एकच प्रश्न विचारायची, "ऊन कुठल्या बाजूनं येणार?" सकाळची गाडी, कोकणात उतरणारी, म्हणजे ऊन डावीकडून, मग आम्ही उजवीकडच्या बाकावर. क्रूझची केबिन निवडताना नेमका हाच हिशेब करायचा असतो. फरक इतकाच की एसटीत चुकलं तर पनवेलला जागा बदलता येते. केबिनचे पैसे मात्र कित्येक महिने आधी भरलेले असतात.

पहिल्यांदा क्रूझला निघालेली ओळखीची मंडळी हल्ली मला फोन करून विचारतात, "डावी बाजू चांगली की उजवी?" मी उलट तीन प्रश्न विचारते: जहाज कुठून कुठे जातंय? उजेडाच्या वेळात ते कुठे असेल? आणि परतीचा प्रवास त्याच केबिनमधून आहे का? ही तीन उत्तरं हातात असली की बाजू कुणाला विचारावी लागत नाही. आता क्रमानं सांगते.

आधी डावं-उजवं पक्कं करा

जहाजाच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताची बाजू म्हणजे पोर्ट आणि उजव्या हाताची स्टारबोर्ड. तुम्ही पाठमोरे वळलात तरी ही नावं बदलत नाहीत, म्हणूनच ती वापरतात. नुसतं 'डावीकडे' म्हटलं तर कुणाच्या डावीकडे हा घोळ होतो. बुकिंग करताना एजंटशी बोलायचं ते याच दोन शब्दांत.

रात्री जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो आणि उजव्या बाजूला हिरवा. जुन्या काळी सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असायचं. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून. त्यावरून स्टारबोर्ड हे नाव पडलं. ते वल्हं धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या अंगानं बंदराला लावायचे. तरी डाव्या बाजूचं जुनं नाव 'लारबोर्ड' असंच होतं. वादळात ओरडून हुकूम देताना लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलानं १८४४ मध्ये 'पोर्ट' हा शब्द अधिकृत केला.

नकाशावर बाण काढा, मग रात्र खोडा

क्रूझचं वेळापत्रक आणि नकाशा समोर घ्या. प्रत्येक टप्प्यावर बाण काढा: या बंदरातून त्या बंदरात, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ. त्या तारखांना तिथे सूर्य कधी उगवतो आणि कधी मावळतो तेही लिहा. आता अंधारातले टप्पे सरळ खोडून टाका.

हे केल्यावर बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, कारण हातात फारसं काही उरतच नाही. प्रवाशांना दिवसा गाव फिरवायचं आणि रात्री पुढच्या गावाला न्यायचं, हा बहुतेक क्रूझचा धर्मच आहे. उरतात ते निघतानाचे एक-दोन तास, पोचतानाचे एक-दोन तास आणि मार्गात एखादी खाडी किंवा हिमनदी मुद्दाम दिवसा दाखवणार असतील तर ते. केबिनची बाजू निवडायची ती या मोजक्या तासांसाठी.

दिवसाचा टप्पा असला तरी किनारा दिसेल अशी खात्री धरू नका. पाण्यापासून २५ मीटर उंचीच्या डेकवर उभं राहिलं तर क्षितिज साधारण १८ किलोमीटरवर असतं. डोंगर त्याहून लांबूनही दिसतात, पण धुरकट पट्टी दिसणं वेगळं आणि किल्ल्याचा बुरूज दिसणं वेगळं. मरीनट्रॅफिकसारख्या ॲपवर जहाजं आत्ता कुठे आहेत ते दिसतं. तुमचं जहाज तोच मार्ग आधीच्या फेरीत करत असेल तेव्हा दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. ते किनाऱ्याला किती धरून जातं, हे जाहिरातीतल्या नकाशापेक्षा तिथे खरं कळतं.

मुंबई–गोवा: सोडवलेलं उदाहरण

कागद-पेन्सिल घ्या, कारण हे एक समजलं की बाकीचे सगळे मार्ग तुमचे तुम्हीच सोडवाल. समजा, जहाज मुंबईहून संध्याकाळी निघतं, दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगावला लागतं आणि परतीतही संध्याकाळी निघून सकाळी मुंबईत येतं. तुमच्या वेळा वेगळ्या असल्या तर हिशेबही त्याप्रमाणे बदला.

जाताना जहाजाचं तोंड दक्षिणेकडे. बॅलार्ड पिअर सोडलं की उजव्या हाताला गेटवे, ताज, कुलाब्याचं टोक आणि प्राँग्सचं दीपगृह. डाव्या हाताला घारापुरी, उरण, करंजा. पुढे अलिबागची बाजू आली की हवा स्वच्छ असेल तर दूरवर खांदेरीचा ठिपका, अंधारलं असेल तर तिथल्या दीपगृहाची उघडझाप. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला हा किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. जहाजावरून तो पाहायला दुर्बीण लागते, हे आधीच सांगते.

सूर्यास्त उजवीकडे. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास आणि नैर्ऋत्येला मावळतो, म्हणजे उजव्या बाल्कनीतून थोडा पुढे, नाळेच्या अंगाला. मे महिन्यात तो सातनंतर आणि वायव्येकडे झुकून मावळतो, म्हणजे त्याच बाल्कनीतून थोडा मागे. बाल्कन्यांमधलं विभाजन आडवं आलं तर मान तेवढीच काढावी लागते.

मग रात्र. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, ज्यांच्यासाठी तुम्ही डावी बाजू मागणार होतात, ते सगळे अंधारात आणि लांबून निघून जातात. माझ्या आजोबांच्या पिढीनं भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीनं हाच किनारा पाहिला, पण ती बोट जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण करत बंदरोबंदर थांबत जायची आणि माणसं पडावातून उतरायची. आजच्या क्रूझला त्या बंदरांशी काही देणंघेणं नाही. डावीकडे दिसतात ते मच्छीमार बोटींचे दिवे, आणि ते उजवीकडेही दिसतात.

सकाळी सूर्य डावीकडून उगवतो. सातच्या आत जाग यायला नको असेल तर डावीकडच्या केबिनमध्ये पडदा नीट लावून झोपा. मुरगावला शिरताना जहाज पूर्वेकडे वळतं. त्या वेळी उजवीकडे मुरगावचा डोंगर आणि बंदर, डावीकडे झुआरीच्या मुखापलीकडे दोना पावला आणि काबोच्या टोकावरचं राज्यपालांचं निवासस्थान.

परतीत सगळं उलटं. तोंड उत्तरेकडे, सूर्यास्त डावीकडे. आणि सकाळी मुंबईत शिरताना गेटवे डावीकडे. इथे एक बारीक गोष्ट आहे. गेटवेचं तोंड पूर्वेला, समुद्राकडे. जाताना संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे असतो, त्यामुळे फोटोत कमान काळी येते. परतताना सकाळचं कोवळं ऊन थेट त्याच्या अंगावर पडतं. घरचीच मुंबई, पण ते दृश्य पाण्यावरून एकदा तरी पाहावं.

म्हणून माझं मत: फक्त जायचं तिकीट असेल तर उजवी बाजू. जाऊन-येऊन एकाच केबिनमध्ये असाल तर डावी. जातानाचा सूर्यास्त वरच्या डेकवर चहा घेत पाहा, तिथे तो फुकट आहे. परतीचा सूर्यास्त आणि सकाळचा गेटवे आपल्या बाल्कनीतून.

सिंगापूर–पेनांग–फुकेतला निघालेल्यांसाठी दोनच ओळी. जाताना जहाज वायव्येकडे जातं, मलेशियाचा किनारा उजवीकडे, सुमात्रा डावीकडे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत जहाजं आपापली उजवी बाजू धरून चालतात, त्यामुळे जाताना मलेशियाचे दिवे जवळ. सूर्यास्त डावीकडे, जरा पुढे.

उन्हाचा हिशेब आणि एक खोटी पण कामाची गोष्ट

इंग्रजीतल्या 'पॉश' शब्दाची एक गोष्ट तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवेलच. इंग्लंडहून मुंबईला येणारे श्रीमंत साहेब येताना पोर्ट बाजूची आणि परत जाताना स्टारबोर्ड बाजूची केबिन घेत. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पॉश शब्द झाला, असं म्हणतात. असं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि शब्दकोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. पण गोष्टीतला भूगोल मात्र चोख आहे. सुएझमार्गे पूर्वेकडे येताना डावी बाजू उत्तरेची, म्हणजे सावलीची. तांबड्या समुद्रात जहाज आग्नेयेकडे जातं, तेव्हा दुपारचं ऊन पश्चिमेकडून, म्हणजे उजव्या केबिनींवर. वातानुकूलन नसलेल्या लोखंडी जहाजात याचा अर्थ काय होत असेल, ते मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

आज केबिन थंड असते, प्रश्न बाल्कनीचा आहे. आपल्याकडे आणि भूमध्य समुद्रात उन्हाळ्यात दुपारी चार वाजता पश्चिमेकडच्या बाल्कनीत खुर्चीला हात लावता येत नाही. अलास्का आणि नॉर्वेत मात्र तेच ऊन हवंहवंसं वाटतं. त्यामुळे ऊन टाळायचं की शोधायचं हे आधी ठरवा. दुपारी जहाजाचं तोंड उत्तरेकडे असेल तर ऊन डावीकडे, दक्षिणेकडे असेल तर उजवीकडे. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

अलास्का: इथे बाजू चुकली की खरंच चुकते

अमेरिकेत स्थायिक झालेली मुलं आईबाबा आले की त्यांना अलास्काला नेतात. आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहिली क्रूझ ती हीच असते. तिचे दोन प्रकार आहेत आणि बाजूचा निर्णय त्यावर ठरतो.

पहिला प्रकार सिएटल किंवा व्हँकुव्हरहून निघून तिथेच परत येण्याचा. जाताना जो किनारा उजवीकडे, तो येताना डावीकडे. बाजूची चिंता सोडा.

दुसरा एकेरी. व्हँकुव्हरहून उत्तरेला सुअर्ड किंवा व्हिटियरपर्यंत, किंवा तिथून दक्षिणेला. उत्तरेकडे जाताना मुख्य भूमी आणि तिचे बर्फाचे डोंगर उजवीकडे राहतात. अलास्काच्या आखातात उजवीकडे ५,४८९ मीटर उंचीचा सेंट एलायस, हवा उघडली तर. डावीकडे नुसता पॅसिफिक. दक्षिणेकडे येताना याच्या बरोबर उलट. म्हणजे उत्तरेला जाताना स्टारबोर्ड, दक्षिणेला येताना पोर्ट.

मी इथेच माती खाल्ली होती. कुठेतरी वाचलं होतं, "अलास्काला स्टारबोर्ड घ्या", आणि मोठ्या विश्वासानं घेतली. ते लिहिणारा उत्तरेला चालला होता. आम्ही व्हिटियरहून दक्षिणेला येत होतो. अख्खा दिवस बाल्कनीतून राखाडी पाणी पाहिलं. समोरच्या केबिनमधले आजोबा दार उघडं ठेवून बसत आणि मी पॅसेजमधून जाताना मान वाकडी करून त्यांच्या खिडकीतले डोंगर पाही. तिसऱ्या वेळी त्यांनी आत बोलावून कॉफी दिली.

हिमनद्यांची काळजी मात्र करू नका. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी असते आणि मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबून जागच्या जागी वळतं, दोन्ही बाजूंना दर्शन मिळावं म्हणून. स्कॅग्वे हे बंदर एका लांब खाडीच्या टोकाला आहे. ज्या वाटेनं आत जायचं त्याच वाटेनं बाहेर यायचं, म्हणजे दोन्ही काठ दोन्ही बाजूंना मिळतात, फक्त एखादा काठ रात्री वाट्याला येतो. बंद टोकाची खाडी दिसली की बाजूचा प्रश्न निम्मा सुटला असं समजा.

नॉर्वे, आणि व्हेनिसबद्दल सावधान

नॉर्वेत बर्गन ते किर्केनेस अशी किनारी बोट चालते. ही सेवा १८९३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा मार्ग लहान होता. आजही ३४ बंदरं घेत ती सहा दिवसांत वर पोचते. मुख्य भूमी जाताना उजवीकडे, येताना डावीकडे. पण बोट बेटांच्या मधून वाट काढते, त्यामुळे दुसरी बाजू रिकामी नसते. उलट, उन्हाळ्यात आर्क्टिक वृत्ताच्या वर मध्यरात्रीचा सूर्य उत्तरेला असतो आणि बोटीचं तोंड ईशान्येकडे, म्हणजे तो सूर्य डावीकडे, समुद्रावर. डोंगर हवेत की मध्यरात्रीचा सूर्य, हे तुम्ही ठरवा. मी सूर्य घेईन. गायरांगर फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत, शिरताना 'सात बहिणी' हा धबधबा डावीकडे लागतो, बाहेर पडताना उजवीकडे. त्याच्या बरोबर समोरच्या कड्यावरच्या धबधब्याचं नाव 'वर', सातही बहिणींनी नाकारलेला म्हणे.

व्हेनिसबद्दल जुना सल्ला अजून फिरतो: शहरात शिरताना उजवी बाजू घ्या, सेंट मार्क्स चौक खिडकीसमोरून जातो. एकेकाळी हे खरं होतं. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना त्या चौकासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे. सल्ला कितीही खात्रीचा वाटला तरी तो कोणत्या सालचा आहे ते पाहा.

आता डेक प्लॅन उघडा

डेक प्लॅन म्हणजे जहाजाच्या एकेका मजल्याचा वरून काढलेला आराखडा. त्यात नाळ कुठे आहे ते आधी शोधा. नाळ कागदावर वरच्या दिशेला असेल तर पोर्ट डावीकडे, सोपं आहे. नाळ उजवीकडे असेल तर पोर्ट वरची रांग. नाळ डावीकडे असेल तर पोर्ट खालची रांग. इथे भलेभले फसतात, म्हणून कागद फिरवून नाळ वर करून घ्या.

केबिनच्या नंबरवरून बाजू ओळखायला जाऊ नका. लाइफबोटींची रीत ठरलेली आहे, विषम आकडे स्टारबोर्डला आणि सम पोर्टला. केबिनच्या बाबतीत मात्र प्रत्येक कंपनीची आपली पद्धत असते.

त्याच आराखड्यात खिडकीसमोर लाइफबोट लटकते का ते पाहा. अशा केबिनी स्वस्त असतात आणि तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. बाजू अगदी बरोबर निवडून समोर नारिंगी बोटीचं पोट पाहत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. सिगारेट ओढायची जागा बहुधा उघड्या डेकच्या एकाच बाजूला असते. तिच्याजवळची बाल्कनी टाळा.

बाजूच्याही आधी

बोट लागण्याचा आणि डाव्या-उजव्या बाजूचा काही संबंध नाही. दोन्ही बाजू सारख्याच डोलतात. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर केबिन घ्यावी. झोपाळ्याच्या दांडीजवळ हेलकावा कमी, तसंच. नाळेजवळ आणि वरच्या मजल्यावर तो सगळ्यात जास्त.

त्यानंतर पाहायचं ते वर आणि खाली काय आहे. डोक्यावर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. पायाखाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनीच असलेला मजला सर्वांत शांत. म्हातारी माणसं बरोबर असतील तर लिफ्टपासूनचं अंतर मोजा; मोठ्या जहाजाचा पॅसेज संपता संपत नाही. एवढं सगळं जमल्यावर बाजू.

आणि खिशाला कात्री लावायची नसेल तर आतली, बिनखिडकीची केबिन घ्या आणि बाजूचा विषयच मिटवा. वाचलेल्या पैशांत एखाद्या बंदरावरची चांगली सहल होते. ज्या जहाजाला चारी बाजूंनी फिरता येईल असा प्रोमेनेड डेक आहे, तिथे दोन्ही बाजू तुमच्याच. जहाजाच्या मागच्या टोकाच्या केबिनींतून मागे सरकत जाणारा पांढरा फेसाळ रस्ता आणि दोन्ही काठ थोडे थोडे दिसतात. त्या लवकर संपतात, हवी असेल तर आधी धरा.

बुकिंगच्या दिवशी

एजंटला 'सी व्ह्यू द्या' एवढंच सांगू नका. डेक, पोर्ट की स्टारबोर्ड आणि शक्य असेल तर केबिनचा नंबर सांगा. स्वस्तात मिळणारी 'गॅरंटी' केबिन असेल तर नंबर कंपनी देते, बाजू निवडायचा हक्क तुम्ही सोडलेला असतो. नंतर वरच्या दर्जाची केबिन देऊ केली तर हो म्हणण्याआधी ती कुठल्या बाजूला आहे ते विचारा. आणि बंदरात उभं असताना कुठली बाजू शहराकडे असेल, हे एजंटलाच काय, कुणालाच आधी सांगता येत नाही. वारा, भरती-ओहोटी आणि मिळालेला धक्का पाहून ते ऐन वेळी ठरतं.

जहाजावर पोचल्यावर मोबाइलमधलं होकायंत्र उघडून एकदा बाल्कनीत उभे राहा. आपण कुठे पाहतोय ते कळलं की उद्या सकाळचा गजर किती वाजता लावायचा तेही कळतं.